फ्रान्सच्या खेड्यात राहायला जाताय? आधी मेरीत जाऊन या

माझी ताई लग्नानंतर फ्रान्समधल्या चारशे वस्तीच्या गावात गेली, मी आईला घेऊन तिच्याकडे दोन महिने राहून आले. आता नेरूळमध्ये कोणाची मुलगी-सून तिकडे निघाली की मला फोन येतो, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

घर लावून झालं की लगेच मेरीत जा. मेरी म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी कचेरी आणि मेर म्हणजे सरपंच समजा. अशी जवळपास ३५ हजार गावं-शहरं आहेत, दर ६ वर्षांनी लोक सदस्य निवडतात आणि सदस्य आपल्यातूनच मेर निवडतात. आपल्याला भारतीय पासपोर्टवर मत देता येत नाही, पण सभा सगळ्यांना खुली असते, मागे बसून ऐका, भाषा पटकन सुधारते.

लहान गावात मेरी रोज उघडत नाही. ताईच्या गावात आठवड्यातून दोनच सकाळी, वेळ दारावर लिहिलेली असते. आत गेल्यावर आधी 'बोंजूर मादाम' म्हणायचं, समोरून बोंजूर आलं की मगच काम सांगायचं, हे खरंच पाळा, थेट कामावर आलात तर उद्धट वाटतं. टेबलामागची सेक्रेटरी म्हणजे आपले ग्रामसेवक, मुलाचं शाळेत नाव घालण्यापासून सगळं तिला विचारा. फक्त रेसिडेन्स परमिट तिच्याकडे नाही, ते प्रेफेक्चरचं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीचं काम.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आई-बाबा तुमच्या घरी राहायला येणार असतील तर व्हिसासाठी 'आतेस्तासियाँ दाक्यय' लागतं, म्हणजे 'हे माझ्याकडे राहणार' असा मेरच्या सहीचा कागद. घराचे पेपर, पगाराच्या स्लिपा, आईचा पासपोर्ट नंबर आणि सरकारी स्टॅम्प घेऊन ताईला स्वतः जावं लागलं. आईच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा, ताईच्या कागदावर एक अक्षर चुकलं आणि सगळं परत करावं लागलं. आणि ओरिजिनलच लागतो, फोटो चालत नाही, तो कुरियरने नेरूळला येईपर्यंत आमची व्हिसाची अपॉइंटमेंट हुकली, त्यामुळे दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा.

खिडक्यांच्या लाकडी झडपांना वेगळा रंग द्यायचा असेल तरी आधी मेरीत अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, रंगाचा डबा नंतर आणा. कोंबडा पहाटे आरवतो, चर्चची घंटा वाजते म्हणून तक्रार करू नका, खेड्यातले आवाज आणि वास हा गावाचा वारसाच असं २०२१ च्या कायद्यात आहे.

११ नोव्हेंबरला पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या स्मारकापाशी सगळं गाव जमतं, एकेक नाव मोठ्याने वाचतात, त्यात एकाच आडनावाची तीन-तीन मुलं. तिथे नक्की जा. ताई पहिल्या वर्षी गेली, कोणाला ओळखत नव्हती, गुपचूप शेवटच्या रांगेत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी स्वतःहून अक्रोडांची पिशवी घेऊन तिच्या दारात आल्या.