गुलमर्गला गोल्फ खेळायला जाताय? अंतरं आधी वावरात मोजा

गुलमर्गचं गोल्फ मैदान साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, म्हणून आपल्याकडे नेमका पडणारा चेंडू तिथे भोकातल्या झेंड्याच्या पार जातो. उपाय घरूनच करून निघा.

१. गहू निघालेलं वावर गाठा. धुऱ्यापलीकडे माणूस-जनावर नाही, हे आधी बघा. सकाळी लवकरच जा. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडची तापलेली हवाही विरळ होते आणि माप फसवं निघतं.

२. प्रत्येक क्लबने (गोल्फच्या काठीने) आठ-दहा फटके मारा. चेंडू पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतच टेपने मोजा, घरंगळलेलं धरू नका. सर्वांत लांबचा नाही, नेहमीचा फटका लिहा.

३. त्यात सुमारे एक दशांश मिळवा. १३० यार्डांचा क्लब तिथे १४३ चा समजा. ही चिठ्ठी बॅगेलाच चिकटवा. गारठ्याच्या सकाळी वाढ थोडी कमी धरा.

पोचल्या दिवशी मात्र खेळू नका, गोंडोलाने (तिथल्या रोपवेने) आणखी वर तर मुळीच जाऊ नका. डोकं दुखलं, मळमळलं तर विश्रांती घ्या. त्रास वाढला तर लगेच खाली उतरून डॉक्टरांना दाखवा.