फॉर्मलिनमधलं फुप्फुस सीटीवर पांढरंफटक दिसतं: माझा अनुभव

गोव्यात बांबोळीला नव्या सीटी पद्धतीची पडताळणी करण्यासाठी डुकराचं फुप्फुस टिकवायचं होतं. लक्षण असं: नुसत्या फॉर्मलिनमध्ये (फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणात) ठेवलं की वायुकोश मिटतात आणि सीटीवर सगळं पांढरंफटक दिसतं. वाळवलं तर आक्रसतं, आणि गोव्याच्या पावसाळी दमट हवेत वर बुरशीही धरते. फार वैताग आला.

शेवटी फुप्फुस फुगलेलं टिकवण्यासाठी रेडिओलॉजिस्ट हाइट्झमन यांचं द्रावण कामी आलं. ‘पॉलिइथिलीन ग्लायकॉल ४००’ हे १० भाग, ९५ टक्के अल्कोहोल ५, ४० टक्के फॉर्मल्डिहाइड २, पाणी ३.

फुप्फुस श्वासनळीसकट, सुरीचा ओरखडा नसलेलंच घ्या. खाटकाला आधीच सांगून ठेवावं लागतं. नळीत ट्यूब घट्ट बांधा, पाण्याखाली हवा भरून कुठे गळतीचे बुडबुडे येतात का बघा. मग द्रावणाची बाटली २५ सेंटीमीटर उंच टांगून फुप्फुस भरू द्या आणि त्याच द्रावणात दोन दिवस बुडवून ठेवा. हे सगळं फ्यूम हूडखालीच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे घालून.

नंतर द्रावण निथळवून हवा सुरू करा. खरी मेख इथे आहे. फिश टँकचा पंप, पुढे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची बाटली, मग टी-जॉइंट. त्याची एक शाखा फुप्फुसात, दुसरी पाण्यात २५ सेंटीमीटर खोल. जादा दाब तिथून बुडबुड्यांनी निघून जातो. पंप मध्ये बंद पडता कामा नये, म्हणून इन्व्हर्टरवर ठेवा. जेलचा रंग बदलला की जेल बदला. वजन स्थिर झालं की वाळलं.

आता सीटी काढा: सीटीवरची घनता मोजण्याच्या हाउन्सफील्ड एककात हवा उणे १०००, पाणी शून्य. फुप्फुसाचे काप सीटीच्याच प्रतलात घ्या, तरच सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र सीटीशी जुळवता येतं.