केबल लावली की इंटरनेट जायचं, ते असं सुटलं

महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती चांगल्याच जाड. मागच्या खोलीतल्या दादाच्या कॉम्प्युटरवरून लग्नाच्या फोटोंच्या फाइली वाय-फायवर आणायच्या म्हणजे संध्याकाळ गेली. म्हणून दोन्ही कॉम्प्युटर केबलने एका जुन्या राउटरला जोडले. इंटरनेट मात्र नव्या राउटरच्या वाय-फायवर. पण केबल खोचली की ब्राउझर ठप्प, काढली की सुरू!

दोन्ही राउटरचा पत्ता 192.168.1.1 होता. त्यात विंडोज वेगवान जोडणीला कमी मेट्रिक (रस्ता निवडायचा आकडा) देतं आणि कमी मेट्रिकचा रस्ता आधी धरतं. जुना राउटर स्वतःलाच गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जायचं दार, म्हणून सांगायचा, त्याच्यापुढे इंटरनेटच नाही.

आधी जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणं, बंद केलं. मग इथरनेटच्या (केबलच्या जोडणीच्या) प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही4 ही पत्त्याची सेटिंग उघडून वाय-फायपेक्षा वेगळ्या गटातला पत्ता 192.168.50.2 आणि तो गट केवढा ते सांगणारा सबनेट मास्क 255.255.255.0 भरला. डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय) रिकामे ठेवायचे, खरी मेख तिथेच आहे. दादाकडे 192.168.50.3. वाय-फायच्या सेटिंगला हातही लावायचा नाही.

एवढं करूनही फोल्डर उघडेना, कारण गेटवे नसलेल्या जोडणीला विंडोज पब्लिक, म्हणजे परकं नेटवर्क, धरून शेअरिंग अडवतं. दोन्हीकडे ती प्रायव्हेट केली आणि काम झालं.

केबल लावताना वाय-फाय बंद करा, असं बरेच जण सांगतात. अजिबात गरज नाही. जुन्या राउटरचे पोर्ट तेवढे बघून घ्या: 100 एमबीपीएसचे (सेकंदाला मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) असतील तर सेकंदाला 12 एमबीच्या (मेगाबाइटच्या) वर फाइल सरकणार नाही.