ऊसपट्ट्यात राहताय? मग बिबट्याच्या बाबतीत एवढं तरी कराच

तोडणी सुरू झाली की आपल्याकडे ग्रुपवर बिबट्याचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि खाली तेच ते, पिंजरा लावा, गोळ्या घाला, वनखातं झोपलंय का. राग खोटा नाहीये. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात जेमतेम तीन आठवड्यात तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं होती, आणि त्यानंतर गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाणाऱ्या बायकांचे फोटो सगळ्या महाराष्ट्राने बघितले. ज्या घरातलं लेकरू गेलं त्यांना सहजीवनावर भाषण द्यायला मी बसलेलो नाही. पण बिबट्या उद्या सकाळी उसातून उठून जाणार नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि तोपर्यंत आपली पोरं, म्हातारी माणसं आणि जनावरं वाचली पाहिजेत, त्यासाठी लिहितोय. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर डोळ्यासमोर आहे, पण अकोले, संगमनेर, पारनेर, सिन्नर, निफाडकडच्या लोकांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी हे जनावर इथे का राहतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे, पाणी आलं आणि पाठोपाठ ऊस आला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, आत गारवा, पाटाला पाणी, माणूस फिरकत नाही. मादी साधारण तीन महिन्यात विते, दोन-तीन पिल्लं होतात आणि ती वर्ष-दीड वर्ष आईबरोबर राहतात, म्हणजे एकाच फडात अख्खं बाळंतपण आणि वाढ होऊन जाते. आजचे बरेचसे बिबटे उसातच जन्मलेत, त्यांनी जंगल बघितलेलंच नाही, त्यामुळे "जंगलात नेऊन सोडा" म्हणजे कुठे सोडा हा प्रश्न आहेच. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांच्या टीमने अकोले भागात नुसत्या शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावून अभ्यास केला तेव्हा १०० चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास मोठे बिबटे निघाले, आणि विष्ठा तपासली तर खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या जनावरांचा, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे तो येतो तो कुत्र्यामागे, शेळीमागे. माणूस त्याचं भक्ष्य नाही, पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात वाकलेला, बसलेला माणूस किंवा एकटं लहान मूल त्याला माणूस म्हणून दिसतंच असं नाही.

म्हणून पहिलं काम कुत्री आणि घाण. वस्तीजवळ चिकनच्या दुकानाची घाण पडत असेल किंवा पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकत असतील तर तिथे कुत्री जमणार आणि कुत्र्यांमागे बिबट्या येणार. ग्रामपंचायतीत हा विषय घ्या, खड्डा खणून चुना टाकून पुरायला लावा, भांडण झालं तरी चालेल. घरचं कुत्रं रात्री अंगणात साखळीला बांधून ठेवू नका, बिचाऱ्याला पळताही येत नाही आणि बिबट्याला तुमच्या दारापर्यंत यायची सवय लागते. आत घ्या नाहीतर त्याला जाळीचा खुराडा करा.

मग गोठा. माझं ऐकाल तर खर्च करायचा असेल तर सगळ्यात आधी इथे करा. आपल्याकडचा नेहमीचा गोठा कसा असतो, चार-पाच फूट भिंत, वर तीन-चार फूट मोकळं आणि मग पत्रा. ही जी मधली मोकळी जागा आहे ना तिथूनच तो येतो, सात-आठ फुटाची भिंतसुद्धा त्याला काहीच नाही. ती जागा पत्र्यापर्यंत जाळीने बंद करायची, आणि जाळी म्हणजे कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी नको, ती पंजाने फाटते, वेल्डमेश किंवा कंपाऊंडची जाड चेन-लिंक घ्या आणि अँगलला नीट वेल्डिंग करून किंवा जाड तारेने जागोजागी आवळून घ्या. वरून पत्रा नसेल तर वरही जाळी पाहिजे. दाराखाली वीतभर फट असेल तर फरशी किंवा उंबरा टाकून बुजवा. दाराला सुतळी नको, लोखंडी कडी. शेळ्यांच्या गोठ्यात एकदा शिरला की एक घेऊन जात नाही, शेळ्या बिथरून धावतात आणि तो समोर येईल तिला पाडत जातो, सकाळी बघावं तर आठ-दहा मेलेल्या आणि खाल्लेली एकही नाही. जाळीचा खर्च चार-पाच शेळ्यांच्या किमतीत बसतो, हिशोब तुम्हीच करा. वासरं आणि करडं सगळ्यात आतल्या बाजूला, गोठ्याबाहेर एक दिवा रात्रभर, आणि गोठ्याला लागून घास किंवा ऊस असेल तर निदान पंधरा-वीस फूट पट्टा मोकळा ठेवा.

माणसांच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. दिवस मावळायच्या आधीचा तास आणि नंतरचे दोन-तीन तास, आणि पहाटेचा अंधार. या वेळात लहान मुलं अंगणातसुद्धा एकटी नकोत. "इथेच तर आहे, दारात" असं म्हणतो आपण, पण ऊस दारापासून दहा पावलांवर असेल तर दारात म्हणजे उसातच. शाळा सुटल्यावर वाडीवस्तीची पोरं एकत्र निघू द्या, मधे एक मोठं माणूस, मोठ्याने बोलत, गप्पा मारत. परसाकडे बाहेर जायचं बंदच करा, संडास घरापासून लांब असेल तर वाटेवर दिवा लावा. आजी-आजोबांना पहाटे उठून बाहेर अंगणात बसायची सवय असते, त्यांना समजावून सांगा, उजाडेपर्यंत आत बसा म्हणावं, आणि चिडले तरी सांगा. गवत कापताना, खुरपताना बाई वाकलेली असते, पाठ उसाकडे असते, तेव्हा एकटीने काम करायचं नाही, दोघी-तिघींनी मिळून आणि मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून. आवाज आला की तो स्वतःहून सरकतो, त्याला आपल्याशी गाठ नकोच असते.

रात्रीचं पाणी हा वेगळाच विषय आहे आणि यावर मला सगळ्यात जास्त चीड येते. शेतीची लाईट रात्रीची दिली की माणूस रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणारच, मग कितीही पत्रकं वाटा. दिवसा वीज द्या ही मागणी बिबट्याच्या प्रश्नातली पहिली मागणी असली पाहिजे, पिंजऱ्याच्याही आधीची, प्रत्येक ग्रामसभेत ठराव करून पाठवत राहा. तोपर्यंत मोटरला ऑटो स्टार्टर, जमेल तिथे ठिबक, आणि जावंच लागलं तर दोघं, हातात जोराची बॅटरी, घुंगरू लावलेली काठी, गळ्याभोवती जाड मफलर किंवा टॉवेल कारण तो मागून मानेवर येतो. बांधावर बसून राहू नका, उभे राहा, फिरत राहा.

समोर आलाच तर पळायचं नाही. हे लिहायला सोपं आहे हे मला कळतं, पण आधीपासून मनात पक्कं असलं तरच त्या क्षणी आठवतं, म्हणून पोरांना पण खेळल्यासारखं शिकवून ठेवा. खाली बसायचं नाही, दगड उचलायला वाकायचं नाही, हात वर करायचे, मोठं दिसायचं, मोठ्याने ओरडायचं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं. त्याला निघून जायची वाट मोकळी ठेवायची. लहान मूल बरोबर असेल तर पटकन कडेवर. गाडीवर असाल तर थांबून व्हिडिओ काढू नका, लाईट चालू ठेवा, हॉर्न द्या, जाऊ द्या त्याला. पंजा किंवा दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक सरकारी दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची लस दोन्ही लागतात, नुसती हळद लावून घरी बसू नका.

तोडणीच्या दिवसात पिल्लं सापडतात, यात चूक झाली की अख्खी वस्ती धोक्यात येते. पिल्लं दिसली की त्या बाजूची तोड थांबवायची, हात लावायचा नाही, मांडीवर घेऊन सेल्फी तर अजिबात नाही, आणि वनविभागाला १९२६ वर फोन करायचा. ते लोक पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी ज्या जागी सापडली तिथेच क्रेटमधे ठेवतात, जवळ कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. अंधार पडला की आई येते, आधी लांबून अंदाज घेते, मग क्रेट पाडते, एकेका पिल्लाला मानेला धरून घेऊन जाते आणि पुन्हा येते दुसऱ्यासाठी. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या डॉक्टर लोकांनी अशी कितीतरी पिल्लं आईला परत दिलीत. तेवढी रात्र त्या रानात कोणी जायचं नाही, पिल्लं उचलून नेली तर ती मादी त्याच वस्तीभोवती शोधत फिरणार, आणि तिच्यासमोर कोण सापडेल सांगता येत नाही.

आणि तोडणी कामगार. आपण आपल्या घराला जाळी मारतो पण उसाला खेटून कोपी म्हणजे तात्पुरती झोपडी टाकून राहणारी ही माणसं उघड्यावर असतात, पहाटे अंधारात फडात उतरतात, तान्हं मूल बांधावर झोळीत. शेतमालक म्हणून आपण मुकादमाशी बोलायला पाहिजे, कोप्या मोकळ्या रानात, एकमेकींजवळ, मधे दिव्याची सोय करून द्या, उजाडल्यावरच कोयता चालू द्या, लेकरं सगळी एका ठिकाणी आणि त्यांच्यापाशी एक मोठं माणूस. तोड घराच्या बाजूने सुरू करा म्हणजे जनावर पलीकडे निघून जातं. मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांनाही असंच, वाडा बसवायला उसापासून लांबचं वावर द्या.

विहिरीत पडला किंवा घरात शिरला तर खरा धोका गर्दीचा असतो. विहिरीत दोराने बाज सोडा म्हणजे तो त्यावर टेकेल, बुडणार नाही, आणि काठावरून सगळ्यांना मागे हटवा, पोलीस पाटलाला बोलवा. घरात शिरला तर बाहेरून कडी लावून गप्प राहायचं. चारी बाजूंनी पाचशे माणसं ओरडत असली की तो ज्या दिशेला फट दिसेल तिकडे झेप घेतो आणि त्यात माणसं जखमी होतात.

पिंजऱ्याचं म्हणाल तर माणसावर हल्ला झाला असेल तर पिंजरा लागलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा मागू नका. २००१ ते २००३ मधे जुन्नरचे बिबटे धरधरून दुसरीकडे सोडले होते, आधी वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे ते सतरावर गेले. एका जागेचा मुरलेला बिबट्या काढला की त्या रिकाम्या हद्दीत नवा तरणा येतो, आणि सोडलेला आपली जागा शोधत चालत सुटतो. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला आजोबा नावाचा बिबट्या माळशेजला सोडला होता, तो चालत मुंबईच्या नॅशनल पार्कपर्यंत पोचला होता. मारायचा विचार तर करूच नका, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, आणि विष घातलेलं मढं गावची कुत्री पण खातात.

शेवटी नुकसानभरपाई, कारण इथे लोक उगाच पैसे सोडतात. जनावर मारलं तर मढं हलवायचं नाही, मोबाईलवर फोटो काढायचे, जखमेचे, मानेवरच्या दातांचे, आजूबाजूच्या ठशांचे, ठशांवर पाटी किंवा घमेलं उपडं घालून ठेवायचं, आणि ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचं. पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला झाल्याशिवाय पुरू नका. गाय, म्हैस, बैल असेल तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार यातलं जे कमी ते, शेळी-मेंढीला तसंच ७५ टक्के किंवा १५ हजार. माणूस गेला तर वारसांना २५ लाख, काही भाग लगेच आणि बाकीचा मुदत ठेवीत. आधार, बँक पासबुक, सातबारा यांच्या झेरॉक्स तयार ठेवा, अर्जाची पोच घ्या, आणि महिनाभरात काही हललं नाही तर ती पोच घेऊन सरळ आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहा.