पिकअप बदलण्याआधी लाईट ओळखा

"दादा, गिटारला सेमूर डंकनचा पिकअप टाकू का डिमार्झिओचा?" लातूर-नांदेडकडच्या पोरांचा हा प्रश्न सीझनच्या तोंडावर येतोच. (दोन्ही पिकअप बनवणाऱ्या कंपन्या; पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचा, तारेची थरथर विजेत बदलणारा भाग.) मी उलटं विचारतो, वाजवणार कुठं? घरी हेडफोन लावून, चर्चमध्ये, का १४ एप्रिलच्या स्टेजवर? त्या स्टेजवर एलईडी लाईटी, डिमर, जनरेटर आणि कधीकधी खांबावर आकडा टाकून घेतलेली वायर असं सगळं तुमच्या पाठीमागं उभं असतं. पिकअपचे व्हिडिओ बनवणारे बसतात शांत, बंद खोलीत. त्यांना जो पिकअप गोड वाटतो तोच आपल्याकडं पहिल्या गाण्यापासून घूंऽऽ करत बसतो आणि साउंडवाला आपलं फेडर खाली ओढून मोकळा होतो. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि दुरुस्तीही करतो, त्यामुळं माझी आवडनिवड लाईटीपासून सुरू होते.

यंत्र तसं साधं आहे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे, बहुतेकदा ४२ गेजच्या, हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकक्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. बँजो पार्टीतल्या इलेक्ट्रिक बँजोचा चुंबकी पिकअपही याच तत्त्वावर चालतो, म्हणून बँजोवाल्याचं रडगाणं आणि आपलं रडगाणं एकच. ही कॉइल तारेसोबत आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची घूंसुद्धा ऐकते. त्यावर गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हरनं दोन कॉइल शेजारीशेजारी ठेवल्या, वळण उलटं आणि चुंबकाचा ध्रुवही उलटा. तारेचा आवाज जुळतो, बाहेरची घूं एकमेकीला खाते. हाच हंबकर. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. त्या काळात पिकअपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी चिकटवायला लागले, आणि पीएएफ हे नाव तिथून पडलं.

आता घूं कसली आहे ते तपासा. ज्या हॉलमध्ये वाजवणार तिथं गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण खोलून उभे राहा आणि जागच्या जागी हळूहळू फिरा. तोंड फिरवल्यावर घूं कमीजास्त होत असेल तर ती चुंबकी आहे आणि तिच्यावर हंबकर हा खरा उपाय आहे. फिरून फरक नाही, पण तारांना हात लावला की चरचर खाली बसते? मग गिटारच्या पोटातलं शिल्डिंग, म्हणजे बाहेरची गडबड अडवणारं धातूचं आवरण, कमी पडतंय. कंट्रोलच्या खळग्यात तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. इथं नुसता हंबकर टाकून पैसे वसूल होत नाहीत. आणि व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी घूं तशीच असेल तर पिकअपचा काही संबंध नाही. केबल बघा, आणि अँपचा प्लग मिक्सरच्याच बोर्डावर लावून बघा. दोन वेगळ्या बोर्डांवरून दोघांना लाईट दिली की ग्राउंड लूप होतो, म्हणजे अर्थच्या दोन वाटांचा फेरा पडतो आणि त्यातून घूं येते.

आपल्याकडं यात उन्हाळ्याची भर. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. फंक्शन हॉलवर पोहोचलो की मी वॉचमनकाकांना खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगतो. कॅटररची पोरं हसतात, वायरमन हसत नाही. हे फक्त आवाजासाठी नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून (तारांच्या खालच्या टोकाचा धातूचा आधार) ग्राउंडला जोडलेल्या असतात. माइकची जाळी दुसऱ्या लाईनवर असेल तर एक हात तारांवर आणि ओठ माइकला, असा मधला रस्ता तुमच्या अंगातून जातो. टेस्टर खिशात ठेवा, जाळीला लावून बघा. पेटला तर माइकला हात न लावता वायरमनला बोलवा. आणि थ्री-पिनची जाड, अर्थिंगची पिन कापून घूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्या गाडीत बसून कार्यक्रमाला जाऊ नका.

एवढं झाल्यावर पिकअपांची तुलना. त्यात सगळ्यात मोठा घोटाळा आवाजाच्या पातळीचा आहे. जो जोरात वाजतो तो कानाला चांगला वाटतो, मग तो कसलाही असो. म्हणून दोन्ही गिटारांना एकाच गेजच्या नव्या तारा, तीच केबल, तोच अँप, इफेक्ट सगळे बंद, आणि मोठा आवाज असेल तिकडचा व्हॉल्यूम अँपवरून कमी करून दोन्ही सारखे. गिटारच्या नॉबनं कमी करू नका, त्यानं वरचे स्वर मरतात. मग एकच तुकडा वाजवा: मोकळी ई मेजर कॉर्ड, चौथ्या-पाचव्या तारेवरची एखादी ओळ, आणि पहिल्या तारेवर बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) वरची एक ताण दिलेली नोट. फोनवर रेकॉर्ड करा आणि नावं लपवून ते तुम्हाला ऐकवायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा. माझ्याकडं हे काम आमचा ढोलकीवाला करतो, कारण त्याला गिटारच्या कंपन्यांची नावंच माहीत नाहीत.

आता माझी आवड. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारचा ब्रिज पिकअप, म्हणजे ब्रिजजवळचा, मी पहिला ठेवतो. एकेरी कॉइल, खाली धातूची पट्टी, आणि पिकअप ब्रिजच्या लोखंडी प्लेटमध्येच बसवलेला. त्यातून तो ठणठणीत, थोडा उद्धट आवाज येतो. खोलीत एकट्यानं वाजवला तर टोचतो. पण ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला दोन्ही हातांनी मधली जागा भरून टाकतो, वरून हलगी कडाडत असते, आणि त्या गर्दीत गुबगुबीत आवाजाची गिटार कुणाला ऐकूही जात नाही. टेलिचा ब्रिज ऐकू येतो. लावणीच्या ठेक्यात तारा दाबून ऑफबीटला मारलेला एक तुटक स्ट्रोक मागच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो. टोन नॉब सहा-सातवर आणा, टोचणं जातं आणि धार राहते.

फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरचा (स्ट्रॅट) आवाज जास्त लोकांना आवडतो, मलाही, फक्त वेगळ्या कामासाठी. अल्निको ५ या मिश्रधातूच्या चुंबकाचा नेक पिकअप, म्हणजे गिटारच्या मानेकडचा, भावगीताच्या मागं सुटे स्वर वाजवायला उत्तम. स्ट्रॅटची खरी गंमत पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, दोन पिकअप एकत्र. १९५४ च्या मूळ गिटारला तीन जागांचाच स्विच होता. वाजवणारे तो दोन जागांच्या मध्येच अडकवून ठेवायचे. पाच जागांचा स्विच फेंडरनं १९७७ मध्ये दिला. मधला पिकअप उलट्या वळणाचा आणि उलट्या ध्रुवाचा असेल तर त्या दोन जागी घूं जवळपास गायब होते. तुमच्या गिटारवर हे आधीच आहे का बघा. असेल तर स्टेजवर चौथी जागा धरा, एक पैसा खर्च न करता निम्मं काम झालं.

पी-९० वर माझा जीव आहे. १९४६ पासूनचा गिब्सनचा एकेरी कॉइलचा पिकअप, कॉइल रुंद आणि बसकी, खाली दोन चुंबक. स्ट्रॅटपेक्षा जाड, हंबकरपेक्षा खरबरीत. बोट जोरात लागलं की गुरगुरतो, हलकं लागलं की साफ होतो. ब्लूज वाजवायचा असेल तर मला दुसरं काही नको. पण घूं पकडण्यात तो स्ट्रॅटच्याही पुढं. डिमरच्या लाईटी असलेल्या मंडपात पी-९० नेणं म्हणजे म्हशीला वाजंत्रीपुढं बांधण्यासारखं आहे. घरी, रेकॉर्डिंगला, छोट्या हॉलला नेतो. मोठ्या स्टेजला नाही.

हंबकरमध्ये दोन घराणी वेगळी ओळखा. एक जुन्या पीएएफच्या वळणाचं, कमी ताकदीचं: सेमूर डंकनचा ५९, अल्निको ५, ब्रिजला साधारण ८ किलो-ओहम रोध. दुसरं गरम: त्याच कंपनीचा जेबी, तोही अल्निको ५ च, पण रोध १६ किलो-ओहमच्या वर, किंवा सिरॅमिक चुंबकाचा डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन, १९७० च्या दशकातला. पोरं सरळ दुसऱ्या घराण्याकडं धावतात. माझं म्हणणं, इफेक्टच्या प्रोसेसरमध्ये गेन (आवाजाची वाढ) हवं तेवढं आहे. पिकअपमधून साफपणा आणा. ५९ चा व्हॉल्यूम सहावर आणला की कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, जेबी तिथं चिखल करतो. सलग जड रॉक वाजवणाऱ्यानं मात्र जेबीच घ्यावा, एकट्या नोटला तो गाण्यासारखी लांबी देतो. ईएमजी ८१ ची गोष्ट निराळी. आतच प्रीअँप, ९ व्होल्टचा सेल, घूं जवळपास नाही. जनरेटरच्या कार्यक्रमाला इतका बिनघोर पिकअप दुसरा नाही, पण मला त्याचा आवाज इस्त्री केल्यासारखा वाटतो. केबल जॅकमध्ये राहिली की सेल उतरतो, एवढं ध्यानात ठेवा.

स्ट्रॅटवाल्यांना मधला रस्ता आहे: एकेरी पिकअपच्या जागेत बसणारे, पण आत दोन कॉइल असलेले. एकावर एक ठेवलेल्या कॉइलचा आवाज स्ट्रॅटच्या जवळ राहतो, थोडी चकाकी जाते. शेजारीशेजारी पात्यांचे असतात ते सरळ हंबकरसारखेच वाजतात. फक्त ब्रिजला एक टाका, बाकी दोन तसेच राहू द्या.

पिकअपचा किलो-ओहम वाचून आवाज ठरवू नका. कॉइलच्या तारेचं गेज आणि चुंबक वेगळे असले की तोच आकडा वेगळा वाजतो. शिवाय तांबं तापलं की रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. २० अंशांना ७.५ किलो-ओहमचा पिकअप लातूरच्या ४२ अंशांत ८.१ च्या आसपास दाखवतो. मे महिन्यात जुना पिकअप विकत घेताना "हा गरम वाइंडिंगचा आहे बघा" असं कोणी मीटर दाखवून म्हणालं तर पंख्याखाली ठेवून परत मोजा. गिटार न उघडता जॅकमधून मोजायचं असेल तर व्हॉल्यूम पूर्ण खोला. आकडा थोडा कमी येतो, कारण पॉट (नॉबखालचा फिरता रोध) समांतर जोडलेला असतो.

नवीन पिकअप मागवण्याआधी एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी घ्या. गिटारच्या शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलपर्यंतचं अंतर मोजा. स्ट्रॅटला जाड तारेकडं २.४ आणि बारीक तारेकडं २ मिलिमीटरपासून सुरुवात करा. हंबकरला ब्रिजकडं १.६, नेककडं २.४. मग कानानं पाव-पाव फेरा. स्ट्रॅटचा नेक पिकअप फार वर आला तर चुंबक तार ओढतो, जाड तारेवर वरच्या पट्ट्यांत सूर डगमगतो आणि माणूस ट्यूनरला शिव्या देत बसतो. "पिकअप बदलायचाय" म्हणून आलेल्या कितीतरी गिटारी मी फक्त खाली-वर करून परत दिल्यात. पोरं नाराज होतात, त्यांना खोक्यातला पिकअप हवा असतो.

नंतर पॉट. एकेरी कॉइलला २५०के, हंबकरला ५००के. हंबकरवर २५०के लावला की आवाजावर गोधडी पडते, आणि मग दोष पिकअपला जातो. टोनचा कपॅसिटर एकेरीला ०.०४७ मायक्रोफॅरड, हंबकरला ०.०२२. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात '४७३' आणि '२२३' असं मागा, तेच असतात. खास गिटारचा म्हणून डबीत घालून विकतात तो महाग कपॅसिटर घेऊ नका.

इतकं करूनही बदलायचाच असेल तर जुनी जोडणी आधी फोनवर फोटो काढून ठेवा. चार तारांच्या हंबकरमध्ये रंग कंपनीगणिक बदलतात. सेमूर डंकनला काळी तार आवाजाची, हिरवी ग्राउंड, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झिओला लाल आवाजाची, हिरवी ग्राउंड, काळी आणि पांढरी एकत्र. सुटी उघडी तार दोन्हींकडं ग्राउंडला. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर ते उलट्या फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा आवाज दुसरा खातो; एकाच पिकअपच्या आवाजाच्या आणि ग्राउंडच्या तारा अदलाबदल करा. उघडी तार मात्र हलवू नका. पॉटच्या पाठीवर डाग द्यायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ४० चं घ्या, आणि आधी पॉटची पाठ पॉलिश पेपरनं खरवडा.

काढलेले पिकअप तारांसकट पिशवीत घालून वर गिटारचं नाव लिहून ठेवा. आपल्या भागात गिटार विकायला निघते तेव्हा गिऱ्हाईक आधी "कंपनीचे आहेत का?" हेच विचारतं. तेव्हा जुने परत बसवून द्यायचे आणि चांगले आपल्याकडं ठेवायचे.