स्ट्रॉबेरीचे बार: वास कुठला घालावा, आणि कधी

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात बाजारात आली की डब्यातली वरची देखणी फळं नुसतीच संपतात. खालची आंबट, जराशी मऊ पडलेली उरतात, ती बारसाठी उत्तम. सडकी मात्र नकोत. खाली खुसखुशीत थर, मध्ये आटवलेलं फळ आणि वर चुरा असा हा प्रकार आहे. अंडं लागत नाही.

आठ इंची चौकोनी टिनसाठी मैदा २०० ग्रॅम, ओट्स ५०, पिठीसाखर ८० आणि फ्रीजमधून काढलेलं थंड बटर १५० ग्रॅम घ्या. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. फळ ४०० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर दोन टेबलस्पून, एक लिंबू.

आधी फळ. देठासकट धुवा, पुसा आणि मगच देठं काढा, नाहीतर पाणी आत शिरतं. चिरून साखर घालून मध्यम आचेवर ठेवा. पाणी सुटेल, दहाएक मिनिटांत ते बरंचसं आटेल. फळ फ्रीझरमधलं असेल तर आणखी थोडा वेळ द्या. कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून ओता आणि मिनिटभर खळखळू द्या, म्हणजे कच्ची चव जाते. मिश्रण चमच्यावरून जडपणे पडलं की गॅस बंद. लिंबाचा रस दोन चमचे, तोही आताच. आंबटात कॉर्नफ्लोअर फार वेळ उकळलं की पुन्हा सैल पडतं.

आता वासाचं. व्हॅनिला इसेन्स आणि गुलाबपाण्याचा वास आचेवर उडतो, म्हणून ते गॅस बंद केल्यावरच घालावं. वेलची, दालचिनी, जायफळ यांचं उलट आहे: त्यांचा वास स्निग्धात उतरतो, तेव्हा ते फळात न घालता बटर-मैद्यात घाला. लिंबाची साल किसून पिठीसाखरेत बोटांनी चोळली की साखरच सुगंधी होते. फक्त पिवळा भाग किसा, पांढरा कडू लागतो.

स्ट्रॉबेरीला माझी पसंती लिंबाची साल आणि अर्धा चमचा व्हॅनिला. गुलाबपाणीही छान जमतं, पण एक चमच्याच्या वर गेलात तर अत्तर खाल्ल्यासारखं वाटेल. वेलची इथे मला फारशी रुचत नाही; ती हापूससाठी राखून ठेवावी. अननस आणि सफरचंदाला दालचिनी. जायफळ कुठेही घाला, चिमटीच्या पुढे जाऊ नका. बाटलीतला स्ट्रॉबेरी इसेन्स मात्र नकोच. खरं फळ असताना गोळीची चव कशाला? आणि एका बारमध्ये मसाल्याचे तीन-तीन वास घातले की फळ हरवतं.

ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा. मैदा, ओट्स, पिठीसाखर एकत्र करून बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला, पण लगेच फुटला, की झालं. मळू नका, कडक होतं. चुऱ्याचा तिसरा हिस्सा फ्रीजमध्ये ठेवा, उरलेला बटर पेपर लावलेल्या टिनमध्ये वाटीच्या बुडाने दाबून बसवा. हा थर १५ मिनिटं एकटाच भाजायचा. ही पायरी गाळली की तळ गिच्च राहतो.

त्यावर गार झालेलं फळ पसरा, वर चुरा भुरभुरा आणि ३० ते ३५ मिनिटं भाजा. घड्याळापेक्षा रंग बघा: चुरा सोनेरी आणि कडेने फळाचे बुडबुडे. साधा मायक्रोवेव्ह चालणार नाही, कन्व्हेक्शन मोड किंवा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) हवा. ओटीजीत वरचा रॉड जवळ असेल आणि चुरा लवकर लाल व्हायला लागला, तर वरून फॉइल झाका.

गरम कापलात तर चमच्याने खावं लागेल. पूर्ण गार करा, दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, मग धारदार सुरीने कापा आणि दरवेळी पातं पुसा. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतात; खुसखुशीतपणा मात्र दुसऱ्या दिवसापासून कमी होतो, तेव्हा खाण्याआधी पाच मिनिटं ओव्हन दाखवा.