मुलांच्या वस्तूचा रिकॉल निघालाय? मग या चुका टाळा

रिकॉलची, म्हणजे धोकादायक निघालेली वस्तू कंपनीने परत मागवल्याची, बातमी आली की इथल्या म्हणजे अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर काय होतं ते सगळ्यांना माहितीये, कोणीतरी लिंक टाकतं, खाली भराभर "बापरे" आणि हात जोडलेले इमोजी पडतात आणि तासाभरात कोणाच्या तरी डोहाळजेवणाचे फोटो येतात. वस्तू उलटी करून तिच्या बुडाखालचं मॉडेल नंबरचं लेबल मात्र कोणी बघत नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

आयकिया या फर्निचर कंपनीच्या माल्म नावाच्या ड्रॉवरच्या कपाटाचंच घ्या. मूल खालचे ड्रॉवर उघडून वर चढतं आणि अख्खं कपाट त्याच्या अंगावर येतं, हा त्यातला धोका. २०१५ मध्ये कंपनीने भिंतीला बांधायचं किट फुकट देऊ केलं, २०१६ च्या जूनमध्ये माल्म आणि तशाच बाकी मॉडेल्सचा मिळून अमेरिकेत तब्बल २ कोटी ९० लाख नगांचा रिकॉल झाला, टीव्हीवर पेपरात सगळीकडे बातम्या. तरी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात दोन वर्षांचा एक मुलगा त्याच रिकॉल झालेल्या कपाटाखाली गेला. त्याच्या आईवडिलांचं म्हणणं होतं की रिकॉल झालाय हे आमच्यापर्यंत पोचलंच नाही. २०२० मध्ये आयकियाने त्या कुटुंबाला ४ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं, पण त्याचा काय उपयोग सांगा.

तर पहिली चूक, कंपनी आपल्याला कळवेल असं धरून चालणं. कळवणार कुठे? तुमचा पत्ता त्यांच्याकडे आहे का? पाळणा, हायचेअर, स्ट्रोलर अशा बाळाच्या वस्तूंसोबत एक छोटं रजिस्ट्रेशन कार्ड येतं, पोस्टाच्या तिकिटाचे पैसे आधीच भरलेलं, ते आपण खोक्यासकट फेकतो कारण वाटतं उगाच जाहिरातींचे ईमेल सुरू होतील. पण २००८ च्या कायद्याने ती माहिती जाहिरातीसाठी वापरायला बंदी आहे, ती फक्त रिकॉल आणि सुरक्षेच्या सूचनांसाठीच. कार्ड हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर भरा, आणि वस्तू सेकंडहँड घेतलेली असली तरी तुमच्या नावाने भरा.

सेकंडहँडवरून आठवलं, खरी गडबड तिथेच आहे. पाळणा एका घरातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, आणि पहिल्या मालकाला आलेला ईमेल तिथेच राहतो. वर-खाली सरकणाऱ्या बाजूचा जुना पाळणा "एकदम मजबूत आहे हो" म्हणून कोणी देऊ केला तर सरळ नाही म्हणा. त्याची सरकती बाजू खिळखिळी झाली की गादी आणि कठड्यात फट पडते आणि बाळ तिथे अडकतं. २८ जून २०११ पासून असे पाळणे अमेरिकेत विकायलाच बंदी आहे, जुनेसुद्धा. सुतळी, टेप, केबल टाय लावून ती बाजू पक्की करायचा आपला जुगाड तर अजिबात नको.

"आमच्या मोठ्याने पण यातच झोप काढली, काही झालं नाही" हे वाक्य तर घरोघरी. फिशर प्राइसचा रॉक अँड प्ले हा तिरका झोपाळा २०१९ मध्ये परत मागवला, साधारण ४७ लाख नग, आणि २०२३ च्या जानेवारीत तोच रिकॉल पुन्हा जाहीर करावा लागला कारण पहिल्या रिकॉलनंतरही त्यात बाळं दगावल्याचं समोर आलं, किमान ८. म्हणजे लोक वापरतच होते! तिरक्या जागेत बाळाची हनुवटी छातीवर टेकली की श्वास कोंडू शकतो, आणि हे बघून कळत नाही. खेळण्यांच्या रंगातलं शिसंही दिसत नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने जगभरातून सुमारे १५ लाख खेळणी त्यासाठी परत मागवली होती, त्यामुळे त्या काळातली खेळणी माळ्यावर नातवंडांसाठी जपून ठेवली असतील तर आधी इंटरनेटवर नाव टाकून रिकॉल शोधा.

आता अडचणी. लेबल फाटलंय? मग फोटो काढून कंपनीला पाठवा, उंची-रुंदी मोजून लिहा, खरेदीचं साल अंदाजे सांगा. बिल नाहीये? बऱ्याच रिकॉलमध्ये बिल लागत नाही, वस्तूचा फोटो पुरतो, म्हणून बिल नाही म्हणून गप्प बसू नका. कंपनीच बुडाली? २००८ मध्ये सिम्प्लिसिटी कंपनीच्या बॅसिनेटचं (तान्ह्या बाळाच्या छोट्या पाळण्याचं) असंच झालं, कंपनीच्या नव्या मालकाने हात वर केले, मग सीपीएससी या वस्तूंच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने दुकानांना माल परत घ्यायला सांगितलं. तेव्हा दुकानाला विचारा.

भिंतीला बांधायचं किट आलंय आणि तसंच ड्रॉवरमध्ये पडलंय, हे तर फारच कॉमन. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर किटऐवजी पैसे परत मिळतात का ते बघा, माल्मच्या रिकॉलमध्ये तो पर्याय होता. आणि किटमध्ये प्लास्टिकची झिप टाय असेल तर तिचाही रिकॉल तपासा, कारण ती कालांतराने तुटते म्हणून अशा किट्सचेच रिकॉल झालेत.

वस्तू टाकायची तर मोडून टाका. रस्त्याच्या कडेला धडधाकट ठेवलेला झोपाळा संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलतं. कापड कापा, पट्टे कापा, पण आधी नोटीस वाचा, काही कंपन्या कापलेल्या वस्तूचा फोटो मागतात आणि काहींना भाग पोस्टाने हवे असतात. पुण्याला जाताना भाचीसाठी बॅगेत कोंबायचं तर मुळीच नको, तिकडे तो रिकॉल कोणाला कळणार.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण मार्क छापायला काय, कोणीही छापेल, म्हणून त्याच्याखालचा सीएम/एल नंबर (लायसन्स नंबर) बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. गडबड वाटली तर त्याच ॲपवर तक्रार करता येते, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अमेरिकेत सेफरप्रॉडक्ट्स डॉट गव्ह या सरकारी साइटवर धोकादायक वस्तूची तक्रार फोटोसकट नोंदवा, कोणाला लागलं नसेल तरी चालतं.